कोनी पोर शे वं तू?

आप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले, डोंबिवलीत. गंधमुक्तीला (सुतक संपण्याच्या विधीला) अमळनेरहून फुई आली होती (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात). निघताना ती आईला म्हणाली, "वहिनी, औंदा आखाजीले गावले ये. भाऊनी घागर भरनी शे." (भावाची, म्हणजे आप्पांची, घागर भरायची आहे.) आई नुसती मान हलवत राहिली. मला मात्र ते वाक्य चिकटून बसलं. त्याच आठवड्यात भावाचा सुरतेहून फोन आला, की गावच्या सातबाऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आहे, वारस नोंद करायला हवी. मग ठरवलं, आखाजी (अक्षय तृतीया), मुलांची सुट्टी आणि वारस नोंद एकाच फेरीत उरकायची. 'उरकायची' हा शब्द आता हसवतो.

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांचं गाव सुटून वीस-तीस वर्षं झाली, वडील गेले, आणि गावाकडे कोरडवाहू का होईना दोन-तीन एकर आहे. आम्ही अमळनेर १९९५ च्या जूनमध्ये सोडलं. मी तेव्हा नववीत जाणार होते. आप्पा एसटीत मेकॅनिक, बदली कल्याणला झाली. त्यानंतर गावी गेलो ते लग्नांना. सकाळी उतरायचं, अक्षता टाकायच्या, रात्रीच्या गाडीने परत. दहा-बारा दिवस राहायला म्हणून ही पहिलीच खेप.

तिकिटांपासून सांगते. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. ७ मेच्या रात्रीच्या गाडीसाठी ८ जानेवारीला सकाळी आठ वाजता नवरा आणि मी दोन मोबाईल घेऊन बसलो होतो, तरी पाचपैकी दोन बर्थ वेगळ्या डब्यात आले. कल्याण ते जळगाव, स्लीपर, पाच जणांचे चौदाशेच्या आसपास. नवऱ्याचं गाव सांगलीकडचं. तो सारखा एकच विचारायचा, "खानदेशात, आणि मे महिन्यात? माणसं तिथून बाहेर पडतात तेव्हा." बरोबरच होतं त्याचं. पण आखाजी काही डिसेंबरात येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. २०२४ हे निवडणुकीचं वर्ष. मार्चमध्ये तारखा जाहीर झाल्या तेव्हा कळलं की जळगावचं मतदान १३ मेला आणि आमचं, म्हणजे कल्याण मतदारसंघाचं, २० मेला. आमचं परतीचं तिकीट १९ च्या रात्रीचं होतं, त्यामुळे आमचं मत वाचलं. पण तलाठी, मंडळ अधिकारी, शिक्षक, सगळेच त्या काळात निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असतात, हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही जाणार असाल तर आधी कॅलेंडर नीट बघा. १० मे शुक्रवारी आखाजी, ११-१२ शनिवार-रविवार, १३ ला मतदानाची सुट्टी.

८ मेच्या पहाटे जळगावला उतरलो. स्टेशनबाहेर चहा, मग एसटी स्टँड. बायकांना अर्धं तिकीट असल्याने आई, मी आणि लेक स्वस्तात. पाळधी, धरणगाव करत दीडेक तासात अमळनेर. धरणगाव सोडल्यावर आईने खिडकीची काच सरकवली आणि गरम वारा तोंडावर घेत बसली. मी म्हटलं, लागेल गं ऊन. ती म्हणाली, "लागू दे. आपलंच ऊन आहे."

फुईचं घर जुन्या गावात, दगडी दरवाजाच्या बाजूला. खाली माती-विटांचं, वर धाबं (मातीचं सपाट छत). आता त्या धाब्याच्या निम्म्या भागावर स्लॅब पडलाय, पण उरलेल्या भागातच गारवा असतो असं फुईचं ठाम मत. मुलांना पहिल्या दिवशीच नियम सांगितले गेले: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेर पडलंच तर डोक्याला उपरणं आणि खिशात कांदा. मुलगा तेरा वर्षांचा. त्याला कांद्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाकातून रक्त आलं, तेव्हापासून कांदा गुपचूप खिशात जायला लागला. कांद्याने काही होतं का, ते मला ठाऊक नाही. मीठ-साखरेचं पाणी, कैरीचं पन्हं आणि दुपारची झोप ह्यांनी नक्की होतं.

९ मेला, गुरुवारी, भाऊ सुरतेहून येऊन पोचला आणि आम्ही लगेच रिक्षा करून गावी गेलो. आमचं मूळ गाव, जिथे शेत आहे ते, अमळनेरपासून बाराएक किलोमीटरवर. रिक्षाचे जाऊन-येऊन सहाशे. फाईलमध्ये आप्पांच्या मृत्यू दाखल्याची मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स, सातबारा, आठ-अ (खातेउतारा), आईचं, भावाचं, माझं आधार, रेशन कार्ड, वंशावळीचा कागद. मला वाटलं, इतकी तयारी कुणी केली नसेल. तलाठी कार्यालयाला कुलूप. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं, भाऊसाहेब (म्हणजे तलाठी) इलेक्शनच्या ट्रेनिंगला गेलेत, आता मंगळवारनंतरच.

निंबाखाली ओट्यावर बसलो. तिथे एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, डोळ्यांवर हाताचा आडोसा. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "कोनी पोर शे वं तू?" म्हणजे, कुणाची पोर गं तू?

मी आप्पांचं नाव सांगितलं. तिला कळेना. मग आईने आजोबांचं नाव सांगितलं, आणि शेवटी आजीचं टोपणनाव. ते ऐकल्याबरोबर म्हातारीने माझा हात धरला. "तू तं आथी नव्हतीस इतला वरीस." माझ्या आजीबरोबर ती निंदणीला जायची. मग तिने भावाला विचारलं, नवऱ्याला विचारलं, नवरा कुठला, त्याच्याकडे काय पिकतं. द्राक्षं पिकतात म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग पानी व्हई." बस्स, निदान झालं. त्या दिवशीचं काम एवढंच.

आखाजी शुक्रवारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस, खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसवलेली असते तिची गाणी होतात. सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं) जुनं साल ह्या दिवशी संपतं, नवं ठरतं. पुरुष पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. आणि पितरांची घागर भरतात.

कुंभाराकडून लाल घागर आणली. तिच्यात पाणी, वर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. उंबऱ्यापाशी नावं घेत कुंकवाची बोटं ओढायची. फुईने सुरुवात पणजोबांपासून केली, आजोबा, आजी, तिचे यजमान. आप्पांचं नाव आलं तेव्हा ती थांबली आणि आईकडे बघितलं. आईने बोट ओढलं. मग गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी टाकली, तुपाचा धूर घरभर झाला. लेकीने विचारलं, "आजोबांना हे पोचतं?" तिला कुणीच उत्तर दिलं नाही. फुईने तिच्या हातात सांजोरी ठेवली.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर फुई मला घरात घेणार नाही. खापरावरची पुरणपोळी ही करण्याइतकीच बघण्याची गोष्ट आहे. चुलीवर पालथं घातलेलं खापर, आणि फुईची सून पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि खापरावर टाकते. लाटणं नाही, पोळपाट नाही. एक पोळी दोन माणसांना पुरते. बरोबर आमरस, रशी, कुरडया, भजी. नवऱ्याला भरीत हवं होतं. दहा वर्षं तो माझ्याकडून जळगावच्या भरताची कीर्ती ऐकतोय. फुईने त्याला असं काही झापलं की बस. भरिताची हिरवी वांगी हिवाळ्यातली, तुरीच्या काड्यांवर भाजायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. मे महिन्यात भरीत मागणारा जावई तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

रविवारी संध्याकाळी काका आले, आप्पांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आमच्या वाटणीचं शेत इतकी वर्षं तेच कसतात, कापूस लावतात. वर्षाकाठी डाळ, ज्वारी आणि जमेल तसे पैसे पाठवतात, कधी आम्ही मागितले नाहीत. धाब्यावर गाद्या टाकलेल्या, वारा जरा पडलेला. तात्या बराच वेळ पावसावर बोलले, मग बियाण्याच्या भावावर. मग मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, पोरीचं बी नाव लावायचं का? आपल्यात लावत नाहीत."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. आवाज चढवून नाही, कुरडया मोजत असावी तशी. "तिघांची लावायची. त्याची ती मुलगी आहे ना?"

तात्या गप्प. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगते. जमीन कसणारे ते, उद्या तीन सह्या गोळा करत फिरावं लागेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. मी त्यांना सांगितलं की वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीत सगळे वारस लागतात, पत्नी, मुलगा, मुलगी, विवाहित असली तरी. मुलींच्या हक्काचा कायदा २००५ पासून आणखी पक्का झालाय. पुढे कुणाला आपला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करता येतं, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि ते ज्याचं त्याने ठरवायचं. "शेत तुम्हीच करा तात्या, मी काय डोंबिवलीहून कापूस वेचायला येणार आहे?" ते हसले. पूर्ण हसले असं नाही. पण जाताना लेकीच्या हातात शंभराची नोट ठेवून गेले.

बायांनो, ही गोष्ट तुमच्या घरी निघेल तेव्हा आधी आईशी बोलून ठेवा. वकिलाच्या आधी.

सोमवारी मतदान. आम्हाला काही काम नाही, म्हणून सकाळी सात वाजता मुलांना घेऊन गाव फिरायला निघाले. बोरी नदी मुलांना दाखवायची होती. नदी म्हणावं असं पाणी नव्हतं. पात्रातली संत सखाराम महाराजांची समाधी, आणि रथोत्सवासाठी यायला लागलेले पाळणे, दुकानं. वैशाख शुद्ध एकादशीला इथे रथ निघतो, पौर्णिमेला पालखी, आणि मधले दिवस पात्रात यात्रा. मग प्रताप हायस्कूलवरून गेलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते, हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे शंभर वर्षं झाली की!" माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फेब्रुवारीत गावात साहित्य संमेलन झालेलं, १९५२ नंतर दुसऱ्यांदा. विप्रोची गोष्टही सांगितली: १९४५ साली ह्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी, आणि ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन जपले ते आज कुठे आहेत. "मग आजोबांनी का नाही घेतले?" ह्या प्रश्नाला आमच्या घरात तीस वर्षांपासून उत्तर नाही.

आमचं जुनं भाड्याचं घर राहिलं नाही. तिथे तीन मजली इमारत आणि खाली मोबाईलचं दुकान. मला वाटलं होतं की वाईट वाटेल. ऊन इतकं होतं की वाईट वाटायलाही सावली शोधावी लागली.

मंगळवारी १४ ला फोन केला तर भाऊसाहेब रात्रभर मतदान यंत्रं जमा करून पहाटे घरी आले होते. त्यांनीच सांगितलं, उद्या या. तो दिवस मुलांसाठी सोन्याचा ठरला. शेजारच्या गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. गव्हाचा चीक शिजवताना मुलांना वाटीभर मिळाला, तेल-तिखट घालून. लेकीने तीन वाट्या खाल्ल्या आणि सोऱ्या दाबायला बसली. दुसऱ्या बाजूला ज्वारीचे बिबडे ओल्या कापडावर थापत होते. मुंबईत उन्हाळी सुट्टीच्या शिबिरांना हजारो रुपये घालतो आपण.

बुधवारी १५ मे. सकाळी साडेनऊलाच गावात. भाऊसाहेब तरुण, डोळे तांबारलेले, बोटावरची शाई ताजी. फाईल बघितली. मृत्यू दाखला ठीक. सातबारा, आठ-अ ठीक. वंशावळ ठीक. आई ठीक, भाऊ ठीक. मग माझं आधार हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, ह्यात तुमचं नाव सासरचं. तुम्ही ह्यांची मुलगी हे कशावरून धरायचं?"

मी आईकडे बघितलं. आई तिथेच बसलेली. भाऊसाहेब ओशाळले, म्हणाले, तोंडी चालत नाही. विवाह नोंदणीचा दाखला? आमचं लग्न २००५ चं, कार्यालयात झालेलं, नोंदणी आम्ही कधी केलीच नाही. शाळा सोडल्याचा दाखला? तो डोंबिवलीच्या शाळेचा, १९९७ च्या पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेलेला. ते म्हणाले, प्राथमिक शाळा कुठली? अमळनेर. "मग तिथला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, आणा. त्यावर वडिलांचं नाव असतं. आणि माहेरचं-सासरचं नाव एकाच बाईचं, असं प्रतिज्ञापत्र." मग पोलीस पाटलांचा वारसांबद्दलचा दाखला, तो तिथल्या तिथे मिळाला. पोलीस पाटील त्याच हिरव्या लुगड्यातल्या म्हातारीचे चिरंजीव निघाले.

सगळ्यांत महत्त्वाची सूचना हीच: घरातल्या लग्न झालेल्या मुलींचा, माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असलेला एकतरी सरकारी कागद आधी शोधून ठेवा. आमच्या फाईलमध्ये आप्पा गेल्याचा पुरावा चार प्रतींत होता. मी त्यांची असल्याचा एकही नव्हता.

गुरुवारी सकाळी आठला शाळेत गेले. सुट्टी असली तरी कारकून सकाळी असतात हे फुईच्या नातवाने चौकशी करून ठेवलं होतं. वर्गांच्या भिंतींवर मतदान केंद्राचे कागद अजून चिकटलेले. कारकुनांनी साल विचारलं. पहिलीत १९८७. जनरल रजिस्टरचे गठ्ठे वरच्या फळीवर, कापडात बांधलेले. तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. निळ्या शाईत, पसरट अक्षरात माझं नाव, आप्पांचं नाव, जन्मठिकाण अमळनेर, वडिलांचा धंदा: नोकरी, एस. टी. शेजारच्या रकान्यात पालकाची सही. आप्पांची सही मी पुढे शेकडो वेळा बघितली, प्रगतिपुस्तकांवर, पासबुकांवर. ही तिच्याहून वेगळी होती, तरणी, शेवटच्या अक्षराचा शेपूट वर गेलेला. कारकून म्हणाले, "मॅडम, उतारा लिहायला अर्धा तास लागेल, बसा." मी त्या रजिस्टरासमोरच बसले. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

प्रतिज्ञापत्राचं वेगळं रामायण. एका झेरॉक्सच्या दुकानात मला शंभराचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारला गेला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं, हे मला संध्याकाळी भावाने सांगितलं. टायपिंग आणि नोटरीचे मिळून साडेतीनशे. तिथेच एका गृहस्थांनी बाजूला घेऊन सांगितलं, पाच हजार द्या, ताई, तुम्हाला परत यायचीही गरज नाही. देऊ नका. वारस नोंदीसाठी आमच्याकडून फी म्हणून कुणी एक रुपया घेतला नाही. खर्च झाला तो झेरॉक्स, नोटरी आणि रिक्षांवर, सगळा धरून अडीच हजारांच्या आत, आणि त्यातले अठराशे निव्वळ रिक्षेचे.

शुक्रवारी १७ ला अर्ज घेतला गेला. भाऊसाहेबांनी सांगितलेली पुढची वाट अशी: आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नावं चढतात, मग फेरफार (मालकीतल्या बदलाची नोंद) पडतो. संबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीसाठी ठेवतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. हरकत आली तर ते प्रकरण वेगळ्या रजिस्टरला जातं आणि लांबतं. खरं तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. आम्ही सहा महिन्यांनी गेलो, त्यावर ते फक्त "लवकर यायचं" म्हणाले. हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही भरता येतो, हे त्यांनी शेवटी सांगितलं. भावाने कपाळाला हात लावला. पण ऑनलाईन भरला असता तरी तो उतारा लागलाच असता, आणि शाळेची ती फळी डोंबिवलीतून दिसली नसती. फेरफार क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, तो हरवू नका.

नोटीस तात्यांच्या समोरच निघाली. भाऊसाहेबांनी विचारलं, तुमची काही हरकत? तात्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. "कसानी हरकत? पोर शे ती आमनी."

१९ तारखेला एकादशी. रथ रात्री निघतो आणि आमची गाडी जळगावहून रात्रीची. हे आधी नीट पाहिलं असतं तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढता आलं असतं, पण मग मत गेलं असतं. संध्याकाळी सहाला वाडीत, म्हणजे सखाराम महाराजांच्या संस्थानात, जाऊन उभा केलेला रथ बघितला. फुलांच्या माळा चढवणं चालू होतं. चाकांना लावायच्या लाकडी मोगऱ्या एका बाजूला रचून ठेवलेल्या. मुलगा त्यातली एक उचलायला गेला आणि जागची हलली नाही. आईने नारळ वाहिला. लहानपणी मी ह्याच रथापुढे आप्पांच्या खांद्यावर बसून झोपून जायचे, असं ती म्हणाली. मला रथ आठवतो, खांदा आठवत नाही. सातला जीप मिळाली. मागे ढोल सुरू झालेले ऐकू येत होते आणि लेक रडत होती.

२० ला सकाळी सातला कल्याणला उतरलो, घरी जाऊन आंघोळ, दहाला मतदानाच्या रांगेत. तिथेही ऊन होतं. नवऱ्याने खिशातून कांदा काढून दाखवला.

पुढचं सगळं मोबाईलवर. 'आपली चावडी' ह्या सरकारी साईटवर गावाचं नाव टाकलं की फेरफाराची नोटीस आणि तिची स्थिती दिसते. रोज बघू नका, जीव जातो. १ जूनला १५ दिवस संपले. ४ जूनला निवडणुकीचा निकाल, सगळे पुन्हा त्यात. आठवडाभर काही हललं नाही. १२ जूनला नोंद प्रमाणित झालेली दिसली. १४ ला पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला.

आप्पांचं नाव कंसात गेलेलं. खाली आई, भाऊ, मी. आईने प्रिंट हातात घेतली, चष्मा लावला, आणि आधी कंसातलं नाव वाचलं. मग म्हणाली, "फुईला पाठव."

पाठवला. फुईला वाचता येतं पण ती मोबाईलवर बोलूनच उत्तर देते. दहा मिनिटांनी तिचा आवाज आला, मागे पावसाचा आवाज, "दिसनं वं माय, तिन्ही नावं दिसनात. जावईले सांग, भरीत खावानं व्हई तं हिवायामा येजो."